उमामाच्या नावावरचा नवरा

जमाल मशीनशी बोलायचा आणि माणसांसमोर गप्प बसायचा. त्यामुळे त्याचं कधी लग्न होईल असं ओमानमधल्या इब्रा गावात कुणालाच वाटलं नव्हतं. ते इब्रातल्याच बाईशी होईल, हे तर खुद्द त्यालाही नाही. हर्णैजवळच्या एका वाडीतून तो पंचविशीत ओमानला आला, एका शिंप्याच्या दुकानात शिलाई मशीनं दुरुस्त करायला बसला आणि चाळिशी उलटली तरी तिथेच बसलेला होता. केस पांढरे झाले, नखांतलं तेल काही निघालं नाही.

इब्रात बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांनी आपलं बाहेर थांबायचं. उमामा तिथे कपडे शिवून विकायची. नवरा वारल्यावर तिने हा उद्योग उभा केला होता, आणि आवाज असा कमावला होता की रस्त्यापलीकडच्या बकऱ्या चरायच्या थांबाव्यात. तिचं मशीन अडलं की जमाल दाराबाहेर पायरीवर येऊन बसे.

"धागा तुटतोय," ती आतून ओरडायची.

"वरचा की खालचा?" हा बाहेरून.

ती बाजारातलं हिंदी बोलायची, हा दुकानातलं अरबी, आणि दोन्ही भाषा मध्येच कुठेतरी भेटायच्या. त्यांचं सगळं जमणं असं भिंतीच्या अलीकडून-पलीकडून, वरच्या आणि खालच्या धाग्यावर झालं. मग एका बुधवारी तिने मशीन बाहेर पाठवलं. जमालने ते सगळं उघडलं, पुसलं, परत बसवलं.

"याला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला.

ती दारात आली. "ते मला माहीत आहे. तुझं लग्न झालंय का, एवढंच विचारायचं होतं."

जमालच्या हातातला शेवटचा स्क्रू खाली पडला. तो त्याने बराच वेळ शोधला, कारण वर बघायची त्याची छाती होत नव्हती.

लग्न रीतसर झालं, कागद झाले. उमामाचा भाऊ सालेम आनंदाने उभा राहिला. आला नाही तो फक्त तिचा मामा, शेख हमूद. घराण्यातला सर्वांत मोठा माणूस. त्याने विरोध केला नाही, शाप दिला नाही, शब्दही काढला नाही. मात्र त्या दिवसापासून त्याच्या तोंडी उमामाचं नावही आलं नाही. ज्या भाचीला त्याने खांद्यावर बसवून खजुराच्या बागा दाखवल्या होत्या, ती त्याच्यापुरती जणू गाव सोडून गेली होती.

हे असंच चाललं असतं. पण शिंप्याचं दुकान बंद पडलं आणि दुकानाबरोबर जमालचा व्हिसाही. मुदत सरायच्या आत नवा कुणी जामीन मिळाला नाही तर त्याला देश सोडावा लागणार होता.

"मग गावी जा, आणि बायकोला सांग, तिथून मला परत बोलावून घे," असं एकदोघांनी सांगितलं. धनंजयने मात्र हात जोडले. तो चिपळूणचा, एसीची कामं करणारा, लग्नाआधी जमालच्या खोलीतच राहायचा.

"जमालभाई, वेडेपणा करू नकोस. आमचा रमण पंधरवड्यासाठी म्हणून गेला होता. त्याची बॅग अजून माझ्या पलंगाखाली आहे आणि तो गुहागरात मेव्हण्याच्या टेम्पोवर बसतो. इथे राहूनच काय ते कर. आता बायकोच तुझी मालकीण, तुझी अर्बाब होईल. सुट्टी मागताना सांभाळून माग."

कचेरीत उमामाच पुढे झाली. खिडकीतल्या मुलीला तिने सांगितलं, "हा माझा नवरा. मी याची जामीन." जमाल मागे उभा राहून बघत होता. आपल्यासाठी कुणी असं काचेवर हात ठेवून बोलेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मुलीने कागद चाळले. सगळं होतं. देश न सोडता काम होईल, म्हणाली. फक्त घराण्याच्या शेखची सही हवी, हे जोडपं आपल्या माहितीतलं आहे अशी.

"शेखची," उमामा म्हणाली, आणि काचेवरचा हात तिने काढून घेतला.

शुक्रवारच्या नमाजानंतर शेख हमूदच्या सब्ल्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या दालनात, जायचं ठरलं. उमामा मामीकडे, आतल्या बाजूला बसणार होती. गाडीत तिने जमालला शेवटचं शिकवून घेतलं.

"बोलणं सगळं सालेम करेल. तू फक्त उजव्या हाताने कप घ्यायचा, प्यायचा, पुरे झालं की हलवायचा. जमेल?"

"दुकानात रोज पितो की."

"दुकानात माझा मामा नसतो."

सब्ला लांबच लांब होता. भिंतीला टेकून दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, डोक्याला रंगीत फेटे. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. टोकाला शेख हमूद, काठी मांडीवर आडवी. वाळून लहान झालेला म्हातारा, पण दालनातला प्रत्येक माणूस नकळत त्याच्याकडे तोंड करून बसला होता, जशी दारातली झाडं उन्हाकडे झुकतात. जमालचे पाय कार्पेटवर बिनआवाजाचे पडत होते, तरी आपण फार धडपडत चाललोय असं त्याला वाटत राहिलं. त्याला शेखच्या जवळ बसवलं. खजूर फिरले. कॉफी ओतणारा आला आणि पहिला कप पाहुण्याच्या, म्हणजे जमालच्या हातात दिला. दुसरा शेखला.

आणि इथे जमालची आई मध्ये आली. म्हणजे ती तिकडे वाडीत सुकटीवरच्या मांजरी हाकलत असणार. पण मोठ्यांनी कपाला तोंड लावल्याशिवाय आपण लावायचं नाही, हे तिने याला लहानपणी असं चोपून शिकवलं होतं की गाडीतली शिकवणी त्यापुढे टिकली नाही. नाकासमोर एवढा मोठा वडीलधारा बसलेला. जमालने कप हळूच समोर खाली ठेवला आणि अदबीने वाट बघत बसला.

दालनातलं होतं नव्हतं तेवढं बोलणंही थांबलं.

सालेमच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कारण तिथली जुनी रीत अशी, की पाहुण्याने भरला कप न पिता खाली ठेवला तर तो काहीतरी मागायला आलाय. मागितलेलं देईन असा शब्द यजमान देत नाही तोवर तो पिणार नाही. आणि पाहुणा न पिता गेला, तर यजमानाला गावात मान वर करता येत नाही. मोठमोठी भांडणं, खुनाबिनाची, अशा एका कपावर मिटलेली. आणि हा दुकान गेलेला मशीनवाला, पहिल्याच भेटीत, शेख हमूदसमोर कप ठेवून बसला होता.

शेखनेही आपला कप तोंडाला लावला नाही. कॉफी निवत चालली. कुणी खोकलं नाही. एवढी माणसं एका म्हाताऱ्यासाठी श्वाससुद्धा बेताने घेतायत, हे जमालने जन्मात पाहिलं नव्हतं. आपण काहीतरी भयंकर केलंय एवढं त्याला कळलं. काय, ते कळेना.

"बोल," शेख म्हणाला. "काय मागतोस?"

जमालने सालेमकडे पाहिलं. सालेम कार्पेटकडे बघत होता.

"काही नाही," जमाल आपल्या दुकानी अरबीत म्हणाला.

"मग पीत का नाहीस?"

"तुम्ही प्यायला नाहीत. आमच्या घरी मोठ्यांच्या आधी पीत नाहीत."

शेख त्याच्याकडे बघत राहिला. "मी तुझा मोठा कसा?"

"उमामाचे मामा ना तुम्ही," जमाल म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, हे त्याला खरंच समजलं नव्हतं.

कितीतरी महिन्यांनी त्या दालनात ते नाव उच्चारलं गेलं होतं. आतल्या दाराचा पडदा किंचित हलला.

"या कार्पेटवर कप ठेवून माणसांनी माझ्याकडे पाणी मागितलं, जमीन मागितली, मुली मागितल्या," शेख बाकीच्यांना म्हणाला. "माझ्यासाठी थांबलेला कप मी आज पाहिला." मग जमालकडे वळून म्हणाला, "मी तुला पसंत केलेलं नाही. ते आजही नाही. पण माझ्या घरात बसून मला मोठा म्हणणाऱ्याला मी नाही कसं म्हणू?"

त्याने कप उचलला आणि सगळ्यांच्या देखत प्यायला.

एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण दोन्ही भिंतींकडची माणसं एकदम सैलावली. म्हाताऱ्याच्या एका घोटाने आपण कुठून कुठे येऊन बसलो, हे जमालला आता त्या चेहऱ्यांवर दिसत होतं. शेजारच्याने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. त्याने आपली थंडगार कॉफी पिऊन टाकली. इतका भारावला होता की कप हलवायचं विसरला, त्यामुळे ओतणारा ओततच राहिला आणि हा पीतच राहिला.

"सालेम," शेख म्हणाला, "कशासाठी आलात ते कळलंय मला. तो सहीचा कागद आण. आणि याच्या हातातला कप कुणीतरी घ्या, नाहीतर रात्रभर झोपायचा नाही."

मग आतल्या दाराकडे न बघताच थोड्या मोठ्याने म्हणाला, "उमामाला सांगा, बाजारातून येताना इकडून जात जा. रस्ता तोच आहे."

गाडीत डोळे पुसून झाल्यावर उमामा म्हणाली, "मी तुला एकच काम सांगितलं होतं. प्यायचं."

"प्यायलो की. किती, ते विचारू नकोस."

रहिवासाचं नवं कार्ड आलं त्या संध्याकाळी धनंजय मुद्दाम बघायला आला. जामिनाच्या जागी उमामाचं नाव. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "जमालभाई, नवरे बायकांच्या मुठीत असतात हे ऐकून होतो. सरकारी शिक्क्यासकट आज बघितलं."

उमामाने कॉफी आणली. पहिला कप जमालला, मग धनंजयला, मग स्वतःला. धनंजयने पटकन पिऊन टाकली. जमालने आपला कप खाली ठेवला.

"आता काय मागायचंय?" उमामाने विचारलं.

"काही नाही," जमाल म्हणाला. "अर्बाब आधी."

तिने त्याच्याकडे एक नजर टाकली, आणि कप उचलला.