बटणावरच्या टिकल्या

बीडला मायक्रोवेव्ह दुरुस्तीला नेला, तेव्हा दुकानात एक मावशी भेटल्या. चौसाळ्याहून जीपमध्ये आपला मायक्रोवेव्ह मांडीवर घेऊन आलेल्या. नजर अधू झाली तशी सुनेनं त्यांना गॅसजवळ फिरकू देणं बंद केलं होतं. मग मावशींनी मायक्रोवेव्हच्या बटणांवर कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. एक टिकली पापडाची, दोन भाताची, तीन भरताच्या वांग्याची.

"लेक म्हणतो, बसून खा. का म्हून बसू? डोळे गेलेत, हात न्हाई गेले!"

मेकॅनिकनं दुरुस्ती केली आणि तो नखानं टिकल्या खरवडायला लागला. मावशींनी त्याचं मनगटच धरलं. "हात लावू नको रं! माझा सैपाक हाय त्यो."

मग मला विचारलं, "तुमी काय करता ह्यात?"

"चहा गरम करतो."

"बस? दोन्ही डोळे शाबूत असून?"

मावशींनी पिशवीतून पापड काढला, आत ठेवला, चाचपून एक टिकली दाबली. भाजल्यावर माझ्यापुढे धरला.

"कुठं करपलाय का, बगा. घरी जाऊन सुनेला दाखवायचाय."

मी उलटून पालटून पाहिला. कुठंच करपला नव्हता.