फ्रेमनं खाल्लेली कड

फोटोची कड रिकामी सोडायची, हे पवनीच्या स्टुडिओत मी पहिल्या वर्षीच शिकलो. फ्रेमवाला पट्टी ठोकतो तेव्हा बोटभर कड तिच्याखाली जाते. तिथं माणूस असला तर त्याचा खांदा जातो, कधी कान जातो, आणि मग गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं.

मी मूळचा सांगलीकडचा. सातवीत शाळा सुटली. जत्रांतून रंगीत पडद्यापुढं फोटो काढणाऱ्यांबरोबर हिंडत इतक्या लांब, विदर्भात आलो आणि तापानं पडलो. स्टुडिओच्या मालकांनी घरात ठेवून घेतलं, मालकिणीनं महिनाभर पेज पाजली, मग काम शिकवलं. त्यामुळं आपल्या हातून त्यांचं गिऱ्हाईक तुटू नये ही धास्ती मला कायम असायची.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. जवळच्याच एका गावच्या ग्रामपंचायतीनं नव्या ऑफिसात लावायला सदस्यांचा फोटो काढायला बोलावलं. सदस्य नऊ, खुर्च्या आठ. सगळ्या सरपंचांच्या घरच्या. नववे सदस्य बौद्ध मोहल्ल्यातून पहिल्यांदाच निवडून आलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते भिंतीशी उभे होते. खुर्ची कमी पडली याचं कुणाला काही वाटलेलं दिसेना.

"बसा ना जी," मी म्हणालो.

"कायच्यावर बसू भाऊ? हवेवर?"

सगळे हसले, तेही हसले. कॅमेऱ्याच्या उंचीला पोचायला मी माझ्यासाठी एक स्टूल नेत असे. ते उचलून रांगेच्या टोकाला ठेवलं. नववे सदस्य त्यावर बसले. हसणं थांबलं. शेजारच्या सदस्यानं पाय आखडून घेतले आणि कोपर बाहेर काढलं, तसे हे आणखी कडेला सरकले. मला मागं सरकायला जागा नव्हती, पाठीशी काटेरी कुंपण होतं. चवड्यांवर उभं राहून फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः स्टुडिओत आले.

"तो कडेचा येऊन राहिला का फोटोत?"

"येतात जी. सगळे नऊ."

"कड फ्रेमीत जाते म्हणता ना तुमी? मंग जाऊ द्या. पोरीच्या लग्नाचे फोटो तुमालेच काढाचे आहेत."

मालक आतच होते. "पाहून घे बापू," एवढंच मला म्हणाले. ते नाही म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. निगेटिव्ह मोठं करून छापायचा एन्लार्जर मी थोडा वर उचलला, कागद जरा सरकवला. स्टूल बाहेर गेलं. आठ माणसं उरली.

आठवड्यानं ते नववे सदस्य आले, सोबत त्यांची डोकरी आई.

"माय ऑफिसात पाहून आली. मी दिसलोच नाही तिले. म्हणते, तू खोटं सांगून राहिला, तू निवडूनच नाही आला."

"फ्रेमनं कड खाल्ली," मी म्हणालो.

"हुशार आहे तुमची फ्रेम. बराबर मलेच खाल्लं."

 त्यांना बसवून आत गेलो आणि पूर्ण निगेटिव्ह छापलं. ओला फोटो डोकरीपुढं धरला. ती एकेका माणसावर बोट नेत शेवटाला आली आणि थांबली.

"हा तं बसून आहे!" ती म्हणाली. "अबे, तू बसून आहेस ना!"

फोटो वाळेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. निघताना त्या सदस्यांनी हळूच विचारलं, "ऑफिसातला बदलून देता का?"

मी मालकांच्या खोलीकडं पाहिलं.

"असू द्या जी," ते सदस्यच म्हणाले. "तुमी दूरच्या गावचे. इथून काढलं तं कुठं जाल?"

सरपंचांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले. पुढं त्या ऑफिसात कितीदा तरी जाणं झालं. भिंतीवर आठच होते, आणि आठव्याचं कोपर तसंच बाहेर काढलेलं.