आईला कळलेला इंग्रजी सिनेमा

रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना इंग्रजी सिनेमा लागला होता. युद्धाच्या दिवसांत फ्रान्सहून पळून आलेली एक मुलगी लंडनजवळच्या एका घरात आसऱ्याला राहते. भोंगा वाजला की घरातले सगळे तळघरात धावतात, पण आधी चहाची किटली उचलतात. ती बिचारी बघतच राहते.

आईला इंग्रजीचा गंधही नाही, तरी ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"तुला काय कळलं गं?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? धारवाडहून लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मी अशीच होते की! सासूबाईंनी तांब्या मागितला, तर मी झाडू नेऊन दिला."

शेवटी त्या घरातला लाजरा मुलगा तिच्याशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलतो. आईने तोंडावरचा पदर खाली घेतला आणि ती पुढे सरकून बघू लागली. परक्या घरात आपल्या भाषेतला एखादा शब्द, अगदी चुकलेला का होईना, कानावर पडला तर किती हायसं वाटत असेल!

तेवढ्यात बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि अडखळत, चक्क कानडीत, आईला विचारलं, चहा करू का? त्यांच्या तोंडून मी कानडी कधीच ऐकलं नव्हतं. बहुतेक ते चुकलंही असावं, कारण आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अहो," ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा की."