मस्तगडात पुजलेली गिरमिटं

काचीगुड्याहून गाडी सुटली तेव्हा दादा बोलत होता आणि जालना आलं तेव्हाही बोलतच होता. त्याच्या मांडीवर लाल मखमलीचं अस्तर लावलेली पेटी होती. तिच्या खाचांत विलायतेची गिरमिटं (लाकडाला भोक पाडायची पाती) आणि पेचकसाची (स्क्रू पिळायची) पाती ओळीने मांडलेली. सिकंदराबादच्या एका दुकानासाठी तो ती विकत हिंडत असे; आजवर कुणी घेतली नव्हती. जालन्याहून मागणी आली नाही तर सोमवारपासून दादाने वडिलांच्या कचेरीत खुर्ची धरायची, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आईने मला, त्याच्या धाकट्या बहिणीला, सोबत धाडलं. दादाला बोलणं थांबवता येत नाही आणि मला सुरू करता येत नाही. दोघांचं मिळून एक शहाणं माणूस होईल, असा तिचा अंदाज.

स्टेशनाबाहेर लख्ख ऊन होतं. दादाने मस्तगडातली सुतारगल्ली सांगितली, तसा टांगेवाला म्हणाला, "मस्तगड? बैठो साब. मगर आज सुतारां काम नै करते."

भाडं वाढवायची युक्ती, असं दादाला वाटलं. रस्त्यात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या आणि हवेला सरकीचा तेलकट वास होता. दारादारांत झेंडूच्या माळा दिसल्या, तेव्हा मला काहीतरी आठवायला हवं होतं. पण आमच्या शाळेत सुट्टीच्या तारखा पाठ करून घेत, तिथी नाही.

दगडू मिस्त्री बैलगाडीची चाकं करायचा. तो जे हत्यार घेई तेच गल्लीतले बाकीचे सुतार घेत, म्हणून दादा थेट त्याच्याकडे आला होता. मिस्त्री अंगणात हात बांधून बसला होता. भिंतीशी करवत, वाकस, पटाश्या, सगळ्यांना हळदीकुंकू लावून ठेवलेलं.

"आज खंडेनवमी हाय, साहेब. हत्यारं पूजेला बसलीत," तो म्हणाला. "उद्या दसऱ्याला उठतील. मंग बघू तुमचा माल."

दादाचा चेहरा पडला. मिस्त्री कुणाच्या तरी हाकेवर बाहेर गेला, तशी त्याची बायको साळूबाई पेटीत डोकावली. "हीबी हत्यारंच की. ह्यांनी काय पाप केलं?" दादाने मान डोलावताच तिने सगळी पाती उचलली, धुतली आणि रांगेत मांडून बोट भरून कुंकू लावलं. दादा खूश. मला मात्र ती धुतलेली पाती कुणीच कोरडी केली नाहीत, एवढंच दिसत होतं.

मिस्त्री परत आला आणि दारातच थबकला. "अगं, हे काय करून राह्यली?"

"पूजा."

"आपल्या घरात एकदा पुजलेलं हत्यार बाहेर जात न्हाई. पारख करायच्या आधीच गळ्यात घातलंस माझ्या."

साळूबाईने पदर तोंडाला लावला. जेवायला मात्र तिने बसवलंच. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यमसाल्याची आमटी) इतकी झणझणीत की डोळ्यांना धार लागली. ती मला खुणेनेच वाढत होती. का, ते कळेना.

धर्मशाळेकडे जाताना दादा म्हणाला, "झालं काम. परत देता येत नाही म्हणजे विकलंच गेलं."

मी मिस्त्रीचा चेहरा पाहिला होता. एक पेटी विकली गेली होती, गल्लीची मागणी मिळाली नव्हती.

सकाळी गेलो तर पात्यांवर कुंकवाखाली तांबूस डाग आलेले. दादाने कपाळाला हात लावला. मिस्त्रीने नखाने डाग खरवडला. "वरवरचा हाय." मग बाभळीचा तुंबा (चाकाच्या मधला ठोकळा) पायात धरून त्याने दांड्यात गिरमिट बसवलं आणि फिरवायला घेतलं. शेजारचे सुतार कुंपणाशी जमले. बाभूळ कुरकुरली. भोकातून लाकडाच्या वळ्या निघू लागल्या आणि पातं आरपार गेलं. मिस्त्रीने टोकावर अंगठा फिरवला. धार होती तशीच. दुसरं, तिसरंही तसंच.

मग पेचकसाचं पातं. लोखंडी पट्टीतून तुंब्यात स्क्रू अर्धा बसला आणि पात्याचं टोक मेणासारखं पिळवटलं.

"हा स्क्रूच जरा खराब दिसतो," दादाने सुरुवात केली. "आणि लाकूड ओलं असलं की..."

कुंपणाशी कुणीतरी हसलं. मिस्त्रीने दांडा खाली ठेवला आणि हात झटकले. सोमवारची खुर्ची मला स्पष्ट दिसली.

"हे मऊ आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "गिरमिटं चांगली आहेत. हे नाही."

साळूबाईने हनुवटीवर बोट ठेवलं. "अगं बाई, ही बोलती? कालपासून मी मुकी समजून हातवारे करून राह्यले."

अंगणभर हशा झाला. मिस्त्रीही हसला. "साहेब, कालपासून तुमचं सगळंच चांगलं ऐकून मी न्हाई म्हणणार होतो. असा माल असतो का कुठं? पोरगी खरं बोलली. गिरमिटं धाडा, गल्लीला लागतील. पेचकस तिकडंच राहू द्या."

"आणि हे वाकडं झालेलं?" दादाने विचारलं.

"पुजलंय ना? आता ते आमचं." साळूबाईने ते उचललं आणि गोठ्याच्या कडीत खुंटी म्हणून अडकवलं. बरोबर बसलं.

दसऱ्याच्या दिवशी रिकामी पेटी न्यायची नाही, म्हणून तिने खाचाखाचांत शेंगदाण्याचे लाडू दाबून भरले आणि वर आपट्याची पानं ठेवली. मला म्हणाली, "पुन्हा ये पोरी. बोलत ये."

परतीच्या गाडीत दादा परतूरपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "मऊ आहे ते मलाही दिसलं होतं."

"माहीत आहे."

त्याने पेटी उघडून एक लाडू मला दिला. लाडवाला पात्यांच्या विलायती तेलाचा वास येत होता. आम्ही तो अर्धा-अर्धा खाल्ला. सोमवारी दादा दुकानात गेला तो मागणी सांगायला. आणि दुकानातले पेचकस विलायतेला परत पाठवा म्हणून सांगायलाही. दुकानाबाहेर मी त्याच्यासाठी थांबले होते. या वेळी तो दोनच वाक्यांत सांगून फारच लवकर बाहेर आला, आणि आमचं मिळून एक शहाणं माणूस होईल हा आईचा अंदाज बरोबर होता असं मला वाटलं.