मिस्त्रींच्या आठ काचा

आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मिस्त्रींनी चाळीस वर्षं या गावाच्या भिंती लिंपल्या. खाऱ्या हवेनं इथल्या भिंतींना भेगा पडतात. भेग दिसली की मिस्त्री ती लगेच बुजवत नसत. आधी तिच्यावर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करायचे आणि कोपऱ्यात तारीख लिहायचे. भिंत सरकत असेल तर काच तडकते. नाही तडकली, तर भेग नुसती वरवरची. माझ्या स्वयंपाकघरातही ओट्याच्या वर अशी एक पट्टी आहे. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगते, भिंतीचा थर्मामीटर.

त्यांच्या स्वतःच्या इमारतीत सात भेगांवर सात काचा होत्या. आठवी होती जिन्याजवळच्या खांबावर, जिथे भेगच नव्हती. बायको त्यावरून त्यांची चेष्टा करायची. ते म्हणायचे, सात आजारी माणसांत एक धडधाकट पण हवा, तुलना कुणाशी करणार?

मग त्यांच्या शेजारच्या हॉटेलला स्विमिंग पूलसाठी त्या इमारतीची जागा हवीशी झाली. नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब पाहणीला आले, पण गाडीतून उतरलेच नाहीत. खिडकीची काच खाली करून वर नजर टाकली, हॉटेलच्या मॅनेजरनं धावत आणून दिलेलं कोल्ड्रिंक प्यायले आणि बाटली आमच्या दारात टाकून गेले. ती मी उचलली. आठवड्यानं नोटीस लागली: इमारत धोकादायक, भेगा रुंदावत आहेत, तीस दिवसांत खाली करा. वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं मिळेल ती भरपाई घेऊन गुपचूप गेली. मिस्त्री मात्र हटून बसले. त्यांनी फेरपाहणीचा अर्ज केला. म्हणाले, माझ्या काचा बघा, अकरा वर्षांत एक तडकलेली नाही.

त्यांच्या खात्रीला आणखी एक कारण होतं. माझी मुलगी सहा महिन्यांपूर्वी त्याच ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागली होती. लहानपणी ती त्यांच्या वाळूच्या ढिगावर थापीच्या टोकानं अक्षरं गिरवायची. मिस्त्री तिला आता "इंजिनिअरीणबाई" म्हणून चिडवायचे.

फेरपाहणीच्या दिवशी पहाटे त्यांच्या बायकोला ठकठक ऐकू आली. तिनं कूस बदलली आणि पुन्हा झोपली. गवंड्याच्या घरात हातोडीच्या आवाजानं कोण दचकतं? मग तिच्या लक्षात आलं की नवरा शेजारीच घोरतोय. बाहेर येऊन बघते तो आठही काचा फुटलेल्या.

साहेब आले, या वेळी उतरले. मागे हातात वही घेऊन माझी मुलगी. मी गॅलरीतून बघत होते; अरुंद गल्लीत बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं. मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. शांतपणे दाखवलं की भिंत सरकली तर काच भेगेच्या रेषेत तडकते. इथे तर मधोमध घाव घालून चुरा केलाय. साहेबांनी घड्याळ बघितलं. मग मिस्त्री त्यांना जिन्याजवळच्या खांबापाशी घेऊन गेले.

"साहेब, इथे भेगच नाही. मग ही काच कशानं फुटली?"

साहेब खांबाकडे बघत राहिले. मग वळून माझ्या मुलीला म्हणाले, "लिहा. आठपैकी आठ काचा फुटलेल्या आढळल्या."

तिनं लिहिलं.

घरी आल्यावर ती ताटावर नुसती बसून राहिली. अहवालावर साहेबांबरोबर तिचीही सही लागणार होती. तिनं मला विचारलं, खांबाला भेग नव्हती एवढं एक वाक्य घालू का? साहेबांनी आधीच बजावलं होतं, प्रोबेशनवर आहात, सांभाळून लिहा.

त्या साहेबांची, त्यांच्या बाटलीची, पहाटे हातोडी घेऊन आलेल्या माणसाची मला किळस येते. पण उत्तर दिलं ते मी. तिच्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाले, "आधी नोकरीत कायम हो. मग घाल हवी तितकी वाक्यं."

तिनं सही केली. जेवलीसुद्धा.

सामान टेम्पोत चढल्यावर मिस्त्री आमच्याकडे निरोप घ्यायला आले. मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाले. सवयीनं ओट्यापाशी गेले आणि काचेवरून अंगठा फिरवला.

"शाबूत आहे. तुमच्या भिंतीला काही धोका नाही, वहिनी."

चप्पल घालताना ते म्हणाले, "अहवालाची नक्कल मिळाली बरं का. पोरीचं अक्षर अजून तसंच आहे, गोल गोल."

मुलगी आतल्या खोलीतच होती. ती बाहेर आली नाही, आणि मीही तिला हाक मारली नाही.