सावरीवरचं मोहोळ

नवरा गेल्यावर चेणे गावातली आमची जागा विकून टाक, असं सगळेच म्हणत होते. जंगलाला लागून दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, मागे डोंगर. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली. शहरात ज्यांना काम करायला कोपरा मिळत नाही त्यांना ही जागा द्यावी, असं मनात आलं. महिनाभर राहा, काम करा, पैसे नकोत. मी सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या फ्लॅटवरून एक दिवसाआड जायचे. स्वयंपाकाला शेजारच्या पाड्यावरची बाई यायची, माझ्याच वयाची. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

चौथ्या वर्षी, अंगणाकडेची सावर फुलली होती तेव्हा, लातूरकडची एक मुलगी आली. असेल पंचवीस-सव्वीसची. मोठमोठ्या कागदांवर कोळशाने चित्रं काढायची, आणि कोळसाही तिला स्वतःच करायचा होता. काटक्या डब्यात घट्ट बंद करून विस्तवावर ठेवायच्या. अंगणात चूल मांडू का, असं तिने विचारलं. मांड की, म्हटलं.

त्याच सकाळी स्वयंपाकाची बाई मला म्हणाली होती, "बाई, सावरीवर आग्यामोहोळ बसलंय. तिकडं धूर करायचा न्हाय हां." मी मान हलवली. पाण्याचा पंप बंद पडला होता, मेकॅनिक दारात उभा होता. त्याच्याशी बोलता बोलता मी ते विसरूनच गेले.

अकराच्या सुमाराला मी आत फळीवर रंगांच्या बाटल्या लावत होते. बाहेर मोठा पंखा सुरू झाल्यासारखा आवाज आला. वीज तर नव्हती. खिडकीतून पाहिलं तर धूर सरळ सावरीकडे चालला होता आणि झाडाखालची हवा काळी झाली होती. मुलगी दोन्ही हातांनी डोकं झाकून घराकडे पळत येत होती.

पुढचं मी आजवर दोघांनाच सांगितलंय. मी दार लावून घेतलं. आतून कडी घातली. विचार करून नाही, हात आपोआप गेला. ती दारावर हात आपटत होती, "काकू, काकू" करत होती, आणि मी कडीवर हात ठेवून उभी होते. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग मागच्या बाजूने स्वयंपाकाची बाई धावत आल्याचा आवाज आला. ती ओरडली नाही. दाराला तोंड लावून म्हणाली, "बाई, उघडा. पोर मरल."

मी उघडलं. बाईने मुलीला गोधडीत गुंडाळून आत ढकललं आणि मागोमाग स्वतः आली.

माश्या जरा पांगल्यावर आम्ही तिला गाडीत घातलं. वाटेत काशीगावच्या अलीकडे ट्रक अडकून पडले होते. मागच्या सीटवर बाई नखाने मुलीच्या मानेतले काटे खरवडून काढत होती. तिचे स्वतःचे हात सुजून भाकरीएवढे झाले होते. आरशात मला मुलीचे ओठ दिसत होते, दर वेळी पाहिलं की आणखी जाड. आधी ती पाणी मागत होती. मग तिचा आवाज घोगरा झाला, मग बंदच. तिच्या वडिलांना मी कोणत्या शब्दांत सांगणार, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. शेवटी एका रिक्षावाल्याने उतरून पुढची वाट मोकळी करून दिली.

हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. वडिलांना फोन तिनेच केला.

दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेशी बसून मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. मोहोळाची आणि कडीची.

"कडीचं मला कळलं होतं," ती म्हणाली. "तो आवाज आला ना. पण मोहोळ आहे हे तुम्हाला आधी सांगितलं होतं, हे नव्हतं माहीत."

वडील आले, ती त्यांच्याबरोबर गेली. ते माझ्याशी नीट बोलले. त्यामुळे आणखी वाईट वाटलं.

पावसाळा संपेपर्यंत मी जागा बंद ठेवली. तोवर मोहोळही उठून गेलं होतं. पुन्हा सुरू करावी की नाही, हे मी स्वयंपाकाच्या बाईला विचारलं. दुसऱ्या कोणाला विचारायचा मला हक्क वाटेना. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "भ्या वाटतं तर तुम्ही इथंच राहा की त्यांच्यासंगं."

म्हणून आता पाहुणा असला की मीही तिथेच मुक्कामाला असते. परवा एक वयस्कर मूर्तिकार विचारत होते, तुम्ही सारख्या बाहेर येऊन सावरीकडे काय पाहता? मी आधी "काही नाही" असं म्हटलं. मग लगेच सुधारलं, आणि त्यांना बसवून सगळं सांगितलं.