बाबांनी मेंटेनरला हो म्हटलं

आमच्या घरात कम्प्युटर बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस घरातच आहे. म्हणूनच तो बिघडतो.

बाबा कोर्टातून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले. जुन्या मराठी टाइपरायटरवर जे अक्षर जिथे होतं, तिथेच ते त्यांना कम्प्युटरवरही लागतं. म्हणून मी कित्येक रविवार घालवून एक कॉन्फिग फाईल, म्हणजे त्यांच्या सवयीप्रमाणे कळा लावून देणारी फाईल, तयार केली होती. (त्या रविवारी बायको माझ्याशी बोलत नसे. कामं भराभर झाली.)

भांडुपच्या आमच्या विहाराने बुद्ध जयंतीची पत्रिका टाइप करायला बाबांकडे दिली होती. संध्याकाळपर्यंत ती छापखान्यात पोचायला हवी होती. आणि मला नेमका त्याच सकाळी कम्प्युटर अपग्रेड करायचा किडा चावला! ते चालू करून अंघोळीला जाताना बाबांना म्हणालो, "काही विचारलं तर बघा जरा."

बाहेर आलो तर बाबा टायपिंगला बसलेले. नजर कागदावर, बोटं धडाधड. (खरा टायपिस्ट स्क्रीनकडे बघत नाही, त्यात त्याला कमीपणा वाटतो.) स्क्रीनवर 'तथागत'च्या जागी 'मकसचम' उमटलं होतं. असं पानभर.

"बाबा, त्याने काही विचारलं होतं?"

"हो. तुमची फाईल ठेवू की मेंटेनरची टाकू. म्हटलं, टाक मेंटेनरची."

"का?"

"का म्हणजे? बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्याशी वाकडं घेतलं की पाणी बंद करतो तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मेंटेनर म्हणजे प्रोग्राम सांभाळणारा. तो बसलाय कुठल्या तरी देशात. तुमचा 'क्ष' कुठे असतो हे त्याला काय माहीत?"

"मग मला कशाला विचारत होता?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी आणखी चिडलो.

"ओरडू नकोस रे, आधी नीट कर ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मी तिच्यावरही चिडलो. त्याच तावात ठरवलं, आधी अपग्रेडने मागे ठेवलेली घाण साफ करू. नावाला 'ओल्ड' जोडलेली दिसली फाईल की उडव. रागात बोटं काय झकास चालतात! शेवटची उडवल्यावर आठवलं, नवीन फाईल टाकताना अपग्रेड आपली फाईल फेकत नाही. तिच्या नावाला 'ओल्ड' जोडून ती शेजारीच जपून ठेवतं.

"सापडली का?" बाबांनी विचारलं.

"सापडली होती."

शेवटी बाबांनी सांगायचं आणि मी मोबाईलवर अंगठ्याने टाइप करायचं, असं ठरलं. दर ओळीला ते "ऱ्हस्व, ऱ्हस्व" म्हणून खेकसत होते. पत्रिका वेळेत गेली, पण त्याआधी एक झालं. माझं नाव दरवर्षी 'तांत्रिक साहाय्य' या मथळ्याखाली असतं. त्या ओळीशी बाबा थांबले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "हे इथून काढ. सांगतो कुठे घालायचं."

ऑफिसचे सगळे सर्व्हर ज्याच्या भरवशावर चालतात, तो मी त्या वर्षी पत्रिकेत छापून आलो: पादत्राणे व्यवस्था.